मधला राखाडी

मी पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आमचं वर्ष एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांभोवती फिरतं. त्यामुळे रंग म्हटला की पोस्टर कलरच्या बाटल्या, आणि कुठेही डाग न दिसू देता एकसारखं, सपाट भरलेलं संकल्पचित्र. या शिक्षणाला मी नावं ठेवणार नाही. त्याने हात बसतो, कडा सांभाळायची सवय लागते, आणि लालच्या शेजारी काय ठेवावं याचा विचार मूल पहिल्यांदा तिथेच करतं. मात्र त्यात रंग आधीच तयार असतो. बाटलीतून काढायचा आणि आकारात भरायचा. रंग कागदावर थराथराने घडत जातो आणि तो घडेपर्यंत आपण त्याच्या चालीने चालायचं, हे मला हातातून कळलं ते गेल्या पावसाळ्यात, पॉल क्ले या चित्रकाराच्या पद्धतीचा एक अभ्यास करताना. त्याची ही हकीगत.

नारायण पेठेत एक ज्येष्ठ चित्रकार राहतात. रविवारी सकाळी त्यांच्या माडीवर आम्ही काही जण जमतो. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी अभिनव कला महाविद्यालयात शिकणारं, एक-दोघं माझ्यासारखे कलाशिक्षक. सर समोर बसवून शिकवत नाहीत. आणलेलं काम बघतात, चहा होतो, आणि कामाच्या निमित्ताने बोलणं निघतं. त्या रविवारी मीच विषय काढला होता. बालगंधर्वच्या कलादालनात एका अमूर्त चित्रासमोर उभं राहून एक गृहस्थ चित्रकाराला विचारत होते, "पण यात आहे काय?" चित्रकार तरुण होता, त्याला काही बोलता येईना. मी सरांना म्हटलं, हेच उद्या माझ्या वर्गातल्या मुलाने विचारलं तर मी काय सांगू? क्लेने १९२० साली लिहिलं होतं की दिसणाऱ्या गोष्टींची नक्कल करणं हे कलेचं काम नव्हे, जे दिसत नाही ते दिसेल असं करणं हे तिचं काम. मला ते मनापासून पटतं, पण सातवीतल्या मुलापुढे हे वाक्य ठेवून काय होणार?

"बाई, वाक्य राहू द्या," सर म्हणाले. "दोन रंग घ्या आणि एक पट्टा करून आणा. मग बोलू."

काम असं. कागदावर शेजारी शेजारी नऊ उभे रकाने आखायचे. डाव्या टोकाकडून अल्ट्रामरीन निळा, उजव्या टोकाकडून बर्न्ट सिएना, म्हणजे विटकरीकडे झुकणारा मातकट नारिंगी. दोन्ही जलरंगात, दोन्ही अगदी पातळ. निळ्याचा पहिला हात पहिल्या आठ रकान्यांवर द्यायचा, नववा कोरा सोडायचा. तो वाळला की दुसरा हात सात रकान्यांवर, मग सहा, मग पाच, असं करत शेवटचा हात फक्त पहिल्या रकान्यावर. सिएनाचंही तेच, उलट बाजूने. म्हणजे पहिल्या रकान्यात निळ्याचे आठ थर आणि सिएना एकही नाही, नवव्यात सिएनाचे आठ आणि निळा एकही नाही, आणि मधल्या पाचव्या रकान्यात दोन्हींचे चार-चार. एकूण सोळा हात, आणि प्रत्येक हातानंतर कागद पुरता वाळू द्यायचा.

क्ले १९२१ पासून १९३१ पर्यंत जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता. तिथल्या सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत त्याने अशा चढत्या-उतरत्या थरांची कितीतरी जलरंगचित्रं केली. १९२२ च्या एका चित्रात वरून निळे-जांभळे आडवे पट्टे खाली येतात, खालून पिवळट, मातकट पट्टे वर येतात, आणि मध्ये दोन बाण आहेत, एक खाली उतरणारा, एक वर चढणारा. नावात फक्त संध्याकाळच्या वेळचं विलग होणं आहे. झाड नाही, घर नाही, सूर्यसुद्धा नाही. मी ते पुस्तकात अनेकदा पाहिलं होतं आणि दर वेळी पान उलटून पुढे गेले होते.

कागदासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेले. १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली ही संस्था. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनवलेला तिथला कागद हातात घेतला की वजन जाणवतं. जलरंगासाठी कागदाला खळ किती दिली आहे हे महत्त्वाचं असतं. खळ कमी असेल तर टिपकागदावर पडावा तसा रंग आत शोषला जातो आणि कडा फुटतात. मी आधी वेगवेगळ्या कागदांचे लहान तुकडे आणले, घरी प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब ठेवला आणि बघत बसले. ज्यावर थेंब बराच वेळ फुगीर राहिला, हळूहळू बसला, आणि वाळल्यावर ज्याचा पोत उचकटला नाही, तो जाड कागद घेतला.

मग तो ताणायचा. कागद दोन्ही बाजूंनी भिजवला की तो लांबी-रुंदीला किंचित वाढतो. त्याच अवस्थेत प्लायच्या पाटावर पसरून चारही कडांना पाण्याने चिकटणारी कागदी पट्टी लावायची. वाळताना कागद आकसायला बघतो, पट्टी त्याला सोडत नाही, आणि तो तंग बसतो. पुढे कितीही पाणी घातलं तरी त्याला घड्या किंवा पोक येत नाही. पोक आलं की रंग खोलगट जागी जाऊन साचतो आणि सगळा थर वाया जातो, म्हणून ही तयारी टाळता येत नाही. जुलै महिना होता, हवेत ओल भरलेली, रात्रभर ठेवलेला पाट सकाळीही गार लागत होता. तेव्हापासूनच लक्षात आलं की या कामाला माझ्या वेळापत्रकाची पर्वा नाही.

रंग सोळाही हातांना पुरेल एवढा एकदाच कालवून ठेवायला सरांनी सांगितलं होतं. दुसऱ्यांदा कालवला की पाण्याचं प्रमाण बदलतं आणि थरांचा हिशोब चुकतो. स्टीलच्या दोन वाट्यांत दोन रंग, वर झाकणी. प्रत्येक हाताआधी रंग ढवळायचा, कारण अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते तळाला बसतात. हा निळा एके काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडापासून काढायचे आणि युरोपात तो फार महाग विकला जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो कृत्रिम रीतीने बनवायची पद्धत सापडली, म्हणून आज माझ्यासारख्या शिक्षिकेला तो ट्यूबमधून पिळून घेता येतो. सिएना ही लोहाचा अंश असलेली माती. ती भाजली की तिच्यातलं पाणी उडून ती तांबूस होते. आपला गेरू त्याच कुळातला. एक रंग इतक्या लांबून आलेला आणि दुसरा अंगणातला, आणि हे दोन मिसळले की एकमेकांचा रंगीतपणा विझवतात. पण ते पुढे.

पहिला हात मारला तेव्हा वाटलं, काही झालंच नाही. कागद किंचित निळसर, एवढंच. हात कसा मारायचा तेही सांगते. पाट जरासा तिरका ठेवायचा. खारीच्या केसांचा जाड ब्रश रंगाने भरून वरच्या कडेला आडवा ओढायचा, की खालच्या बाजूला रंगाची एक ओली कड साचते. दुसरा फटकारा त्या कडेला धरून, ती खाली ओढत. असं तळापर्यंत. शेवटी साचलेला थेंब पिळलेल्या ब्रशने उचलून घ्यायचा, नाहीतर तो मागे चढतो आणि फुलकोबीच्या तुऱ्यासारखा डाग पडतो. आणि एकदा गेलेल्या जागी ब्रश पुन्हा न्यायचा नाही. हे शेवटचं सगळ्यांत कठीण. सपाट रंग भरायची सवय असलेला हात मागे जाऊन सारखं करायला धावतो.

त्यामागचं कारण रंगातच आहे. जलरंगात रंगाचे कण डिंकाने धरलेले असतात, बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाने. हा डिंक वाळला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो. त्यामुळे नवा थर देताना खालचा थर जागा होऊ शकतो. ब्रश हलका असेल, एकाच फेऱ्यात पुढे जाईल, तर खालचा बसून राहतो आणि दोघं एकमेकांतून दिसतात. ब्रश घासला की दोन्ही कालवले जातात आणि पारदर्शकता गेली. थरांतून आरपार गेलेला प्रकाश खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत वर येतो, म्हणून जलरंग उजळ दिसतो. प्रत्येक थरातून प्रकाशाला दोनदा जावं लागतं. हे माहीत असणं वेगळं आणि चौथ्या थरानंतर कागदातून तो उजेड अजूनही येतोय हे बघणं वेगळं.

पावसाळ्यात वाळणं म्हणजे परीक्षा. वरून कोरडा दिसणारा कागद आतून ओला असतो. हाताची मागची बाजू लावून बघायची. गार लागला तर पाणी अजून उडतं आहे, थांबायचं. खोलीच्या हवेइतकाच लागला तर पुढचा हात. हेअर ड्रायर वापरू का म्हणून मी विचारलं, तर सर नको म्हणाले. हवेचा झोत ओल्या रंगाला ढकलतो आणि कण एका बाजूला सरकतात. मग रात्री जेवणानंतर एक हात, सकाळी शाळेला निघण्याआधी एक, असं चालू झालं. वर पंखा मंद. मुसळधार पावसाच्या दिवशी एका हातानंतर दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत थांबावं लागलं. घरातले विचारायचे, "अजून तेच?" हो, अजून तेच.

या थांबण्यातच क्ले मला कळत गेला. रविवारी अर्धवट पट्टा पाटासकट रिक्षात घालून मी सरांकडे न्यायची. एकदा त्यांनी क्लेच्या १९२४ सालच्या, जर्मनीतल्या येना शहरातल्या व्याख्यानाबद्दल सांगितलं. चित्राची साधनं क्लेने तिथे तीन थरांत मांडली होती. रेषा ही मापाची गोष्ट, ती लांब किंवा आखूड, तिचा कोन मोठा किंवा लहान. छटा, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, ही वजनाची गोष्ट. आणि रंग ही गुणाची गोष्ट, तो मोजता येत नाही आणि तोलताही येत नाही. रंगाला मापही असतं, कारण तो कुठेतरी संपतो, आणि वजनही असतं, कारण तो उजळ किंवा गडद असतो. पण रंग म्हणून तो जो असतो ते या दोन्हींच्या पलीकडे उरतं.

घरी येऊन मी फोनवर पट्ट्याचा कृष्णधवल फोटो काढला. तिसरा आणि सातवा रकाना त्यात जवळजवळ सारखेच दिसले. तिसऱ्यात निळ्याचे सहा थर आणि सिएनाचे दोन, सातव्यात नेमकं उलटं. वजन सारखं. पट्टीने मोजले तर रुंदीही सारखी, मीच आखलेली. आणि समोर पाटावर ते दोन रकाने बघितले तर एक पावसाळी दुपार, दुसरा विटांची भिंत. मापातून गेला, वजनातून गेला, तरी जो फरक शिल्लक राहिला तो रंग. व्याख्यानातली मांडणी मी किती वेळा वाचली असती तरी हा शिल्लक भाग मला असा बोट ठेवून दाखवता आला नसता.

एक गोष्ट मला क्लेबद्दल फार भावते. रंग त्याला सहज मिळालेला नव्हता. संगीतकारांच्या घरात वाढलेला, उत्तम व्हायोलिन वाजवणारा हा माणूस बरीच वर्षं मुख्यतः रेषेत आणि काळ्या-पांढऱ्यातच काम करत होता. १९०३ ते १९०५ मधली त्याची कोरीव मुद्राचित्रं बघा, रंग नाहीच. १९१४ च्या एप्रिलमध्ये तो ऑगुस्ट माके आणि लुई म्वालिए या मित्रांबरोबर ट्युनिशियाला गेला, आणि तिथल्या कैरुआन शहरात त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं की रंगाने आता मला धरलं आहे, त्याच्या मागे धावायची गरज उरली नाही, मी आणि रंग एकच, मी चित्रकार आहे. वय तेव्हा ३४. त्याच्याबरोबरचा माके त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युद्धात मारला गेला. कैरुआनची ही नोंद फार सांगितली जाते, जणू एका दुपारी चमत्कार झाला. मला ते पटत नाही. दोन वर्षं आधी तो पॅरिसला जाऊन रोबेर दलोने या चित्रकाराला भेटला होता, प्रकाशावरचा त्याचा लेख त्याने स्वतः जर्मनमध्ये आणला होता. उजेड-अंधाराच्या पायऱ्या तो त्याआधीपासून जलरंगाच्या काळ्या थरांनी शिकत होता. वजन हातात बसलं होतं, म्हणून रंग आला तेव्हा त्याला ठेवायला जागा होती.

आता मधला रकाना. सुरुवातीच्या थरांत तो मळकट दिसत होता, आणि मला वाटलं होतं शेवटीही तसाच राहील. निळ्याचा चौथा आणि सिएनाचा चौथा हात बसला, आणि सकाळी उठून बघते तो तिथे एक स्वच्छ राखाडी उभा होता. निळा नाही, तपकिरी नाही, गरम नाही, थंड नाही. जवळून बघितलं तर कागदाच्या खळग्यांमध्ये अल्ट्रामरीनचे बारीक निळे कण बसलेले आणि उंचवट्यांवर सिएनाचा तांबूसपणा. हातभर लांब गेलं की दोन्ही विरून राखाडी. पैठणीच्या पोतात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की जो तिसराच रंग झळकतो, तसं.

मग आणखी एक दिसलं. त्या राखाडी रकान्याची डावी कड, जी निळसर चौथ्या रकान्याला लागून आहे, ती उबदार, मातकट दिसत होती. उजवी कड तांबूस सहाव्या रकान्याला लागून, ती निळसर. रकाना एकच, थर तेच, आणि तरी तो डावीकडून उजवीकडे रंग बदलत होता. मी दोन पांढरी कार्डं घेतली आणि शेजारचे रकाने झाकले. राखाडी लगेच सपाट झाला. कार्डं काढली, पुन्हा हलायला लागला. झाकलं, काढलं, झाकलं, काढलं, शाळेला उशीर होईपर्यंत मी हेच करत होते.

याला शास्त्र आहे. मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर रंगाईत काही खोट नव्हती, काळ्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या रंगांनी तो काळा फिका पाडला होता. त्यावर काम करून १८३९ साली त्याने नियम मांडला की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. दलोनेने तिथून उचललं, दलोनेकडून क्लेपर्यंत आलं. पण क्ले या नियमापाशी थांबला नाही. बाउहाउसमधल्या व्याख्यानांत त्याने राखाडी बिंदूची कल्पना मांडली. हा बिंदू काळा नाही, पांढरा नाही, वर नाही, खाली नाही, तापलेला नाही, गार नाही. त्याच्या दृष्टीने जे घडणार आहे आणि जे संपत आहे त्या दोहोंच्या मधली ती जागा, आणि सगळं तिथूनच हलायला लागतं. वाचताना मला हे गूढ वाटायचं. पाटावरच्या पाचव्या रकान्याकडे बघताना ते अगदी साधं वर्णन वाटलं. दोन टोकं एकमेकांना पुरती पुसतात तिथे मेलेला रंग मिळत नाही. शेजारचा कोण आहे त्यावर कुठेही जायला तयार असलेला रंग मिळतो.

आमच्या क्षेत्रात राखाडीला फार वाईट वागणूक मिळते. "रंग मळला" म्हणतो आपण. मुलांच्या चित्रात दोन विरुद्ध रंग मिसळले की शिक्षक म्हणून आपण ताबडतोब पाणी बदलायला लावतो. स्पर्धेच्या चित्रांत झगझगीत रंगांना जास्त गुण मिळतात हेही खरं. सरांच्या मते तेज हे राखाडीच्या जिवावर असतं, आणि आता मला ते दिसतं. पट्ट्याच्या टोकाचा निळा इतका निळा वाटतो, कारण मधून तो हळूहळू उठत गेलेला आहे. तोच निळा कोऱ्या कागदावर एकटा लावून बघितला. चांगला होता, पण गप्प होता.

मध्ये एकदा पाऊस उघडल्यावर वेताळ टेकडीवर गेले होते. पश्चिमेकडे ढगांच्या खाली फट पडली होती. खालून तांबूस वर चढत होता, वरून निळा उतरत होता, आणि मधला पट्टा नेमका कुठला रंग आहे हे सांगता येत नव्हतं. मला क्लेचे ते दोन बाण आठवले. चित्रकाराने संध्याकाळचं दृश्य काढलेलं नव्हतं, संध्याकाळ कशी चालते ते काढलं होतं. मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी येनाच्याच व्याख्यानातला झाडाचा भाग सांगितला. मुळं जमिनीतून घेतात, रस खोडातून वर जातो, वर फांद्या पसरतात. कलावंत खोडाच्या जागी उभा आहे. तो वाहून नेतो. आणि फांद्या हुबेहूब मुळांसारख्या असाव्यात अशी मागणी झाडाकडे कुणी करत नाही. बालगंधर्वमधल्या त्या तरुण चित्रकाराला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

सगळंच मला मान्य आहे असं नाही. क्लेचा सहकारी वासिली कांदिन्स्की रंगांना ठरावीक आकार आणि ठरावीक भाव द्यायचा. पिवळ्याला त्रिकोण, तांबड्याला चौकोन, निळ्याला वर्तुळ. त्याने १९२३ साली बाउहाउसमध्ये यावर प्रश्नावलीही फिरवली होती. मला हे जमत नाही. सोमवतीला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळलेला ज्याने पाहिला आहे त्याच्यासाठी पिवळा कधीच टोकदार त्रिकोणात बसणार नाही, तो धूर होऊन नाकात-केसांत जातो. क्ले याबाबतीत मला जास्त मोकळा वाटतो. त्याच्याकडे रंगाला अर्थ नसतो, दिशा असते. तो कुठून आला, कुठे निघाला, किती पायऱ्या चढला, हे बघायचं.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना क्लेच्या चित्रांची ओढ होती, ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सुरुवातीच्या त्यांच्या कामात ती रेषेत दिसते. पुढे रेषा गेली, रोलर आणि पॅलेट नाइफ आले, रंगाचे थर चढवणं आणि खरवडून काढणं आलं. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रं करत. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा वर्तमानपत्रांत किमतींचीच चर्चा जास्त झाली, याचं मला अजून वाईट वाटतं. माझ्या पाटावरचे सोळा थर म्हणजे अगदी अंकलिपी, पण ती गिरवल्यावर त्यांच्या चित्रांच्या छापील प्रतींकडे बघताना माझा वेळ बदलला आहे. आधी मी त्यात आकार शोधायची. आता कोणता थर कोणत्या थरातून दिसतो आहे ते शोधते, आणि छपाईत जे हरवतं ते प्रत्यक्ष चित्रासमोर जाऊन बघायची तळमळ लागते.

पट्टा पुरा झाल्यावर मी तो सातवीच्या वर्गात नेला. मुलांना पाचच रकान्यांचा करायला दिला, साध्या वॉटर कलरच्या वड्यांनी, जाड ड्रॉइंग पेपरवर. वर्गात पंखे जोरात, कागद पातळ, दोन तासिका जोडून घेतल्या तरी वेळ कमीच. तरी पुष्कळ जणांचा मध्य आला. एक मुलगी पट्टा घेऊन माझ्या टेबलाशी आली. "बाई, हा राखाडी कुठून आला? आपण तर लावलाच नाही." तिने रंगपेटी उघडून दाखवली, त्यात राखाडीची वडी नव्हती. मी तिला दोन कार्डं दिली आणि शेजारचे रकाने झाकायला सांगितले. ती बाकावर जाऊन तेच करत बसली आणि थोड्या वेळाने तिच्याभोवती पाच-सहा जणं गोळा झाली. यात आहे काय, असं त्या दिवशी कुणीही विचारलं नाही.

सरांनी पुरा झालेला पट्टा हातात घेतला, उलटा धरला, दोन्ही टोकं तळव्यांनी झाकून मधलेच रकाने बघितले, मग खिडकीशी नेऊन उजेडात आडवा धरला. "चौथ्यात एक हात जड गेलाय," म्हणाले. गेला होता. "आता तांबडा-हिरवा करा. आणि रकाने सारख्या रुंदीचे नकोत, अरुंदापासून रुंदाकडे जाऊ द्या. वजन आणि माप एकाच वेळी बदललं की काय होतं बघा."

सध्या ते चालू आहे. हिरव्यासाठी थॅलो नावाचा रंग घेतला आहे. तो अल्ट्रामरीनसारखा सुटत नाही, कागदाच्या तंतूंत घट्ट बसतो, त्यामुळे वर थर देताना धास्ती कमी, पण त्याची ताकद इतकी की वाटीत नखभर रंगही जास्त होतो. खरी अडचण तांबड्याची आहे. मध्य किती स्वच्छ येणार, जांभळ्याकडे झुकणार की तपकिरीकडे, हे कोणता तांबडा घेतला यावर ठरतं. कॅडमियमचा तांबडा अपारदर्शक, तो खालचं झाकून टाकतो, म्हणून तो बाद. उरलेल्या पारदर्शक तांबड्यांचे तीन-तीन रकान्यांचे लहान नमुने करून ठेवले आहेत, प्रत्येकाखाली पेन्सिलने रंगाचं नाव. येत्या रविवारी सरांकडे नेऊन त्यातला एक नक्की करायचा आहे.